एकाच ठिकाणी लागणारा फोन

दिवाळीचे आकाशकंदील उतरतात, उत्तरेकडून कोरडा वारा सुटतो आणि पालघरच्या मासळीबाजाराच्या कोपऱ्यावर नव्या सुक्या बोंबलांचा वास दरवळू लागतो. येणारेजाणारे नाकाला रुमाल लावतात. मी थांबते. टोपलीतला एक बोंबील उचलून नाकाशी नेते, मधोमध मोडते, पुन्हा नाकाशी नेते. विकणारी वैतागते. "ताई, फूल हाय का ते हुंगायला?" म्हणते. मी हसते आणि घेते. पण हुंगल्याशिवाय घेत नाही. ही खोड मला एका हिवाळ्याने लावली.

आमचं गाव खाडीच्या तोंडाशी. होड्या भरतीला आत येत, ओहोटीला बाहेर पडत. दिवाळीनंतर गावाचं रूपच पालटायचं. किनाऱ्याच्या वाळूत बांबूच्या वलांडी उभ्या राहायच्या. बांबूचे खांब रोवायचे, त्यांना आडव्या दोऱ्या ताणायच्या, आणि त्यांवर बोंबील वाळत घालायचे. बोंबलाच्या जबड्यात दुसऱ्या बोंबलाचा जबडा अडकवायचा आणि ती जोडी दोरीवर टाकायची. एक अलीकडे लोंबे, एक पलीकडे. दुपारच्या उन्हात हजारो बोंबील वाऱ्यावर हलायचे तेव्हा सगळा किनारा चंदेरी दिसायचा. मी तेव्हा पालघरला कॉलेजात जात होते. सुट्टीच्या दिवशी बायकांच्या ओळीत बसून मीही जोड्या लावायचे. बोटं सोलून निघायची, मिठाने चरचरायची, तरी तिथून उठू नये असं वाटे.

या सगळ्या कामाची सूत्रं आतेच्या हातात. आते म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. नवरा लवकर गेला, तेव्हापासून ती आमच्याकडेच होती. उंच, काटक, कपाळावर गोंदलेलं. कोणी काही फुकट दिलं तर ती आधी देणाऱ्याच्या तोंडाकडे बघायची आणि मग वस्तूकडे.

तिकडे, खाडीच्या वरच्या अंगाला, कारखान्यांची वसाहत वाढत होती. बोईसरात खोल्या भाड्याने जाऊ लागल्या, नाक्यावर हिंदी ऐकू येऊ लागली, पाळीच्या बसगाड्या धुरळा उडवत फिरू लागल्या. आमच्या सुभाषदादाला तिथल्या एका रसायनाच्या कंपनीत काम लागलं. दादा माझ्याहून मोठा, नुकतंच लग्न झालेला. अजून परमनंट नव्हता, पण निळा युनिफॉर्म मिळाला होता. आई तो युनिफॉर्म धुऊन वलांडीपासून दूर, अंगणातल्या तारेवर वाळत घालायची, मासळीचा वास लागू नये म्हणून. आम्हा सगळ्यांनाच त्या युनिफॉर्मचा अभिमान होता. हे मुद्दाम सांगते, कारण आज मागे वळून कंपनीला शिव्या देणं सोपं आहे. तेव्हा कंपनी म्हणजे आमच्या घरात आलेला पहिला पगार होता.

आणि मग कंपनीनेच आम्हाला फोन दिला.

बाबा मच्छीमार सोसायटीचे अध्यक्ष होते, म्हणून फोन आमच्या ओटीवर बसला. सफारी घातलेला एक साहेब आला, बरोबर तार ओढणारी माणसं. कंपनीने आपल्या फाटकापासून गावापर्यंत स्वतःचे खांब टाकले होते. सरकारी टेलिफोनसाठी सोसायटीने कधीचा अर्ज केला होता, त्याचं काहीच झालं नव्हतं. कंपनीची तार आठवड्यात आली. सफारीवाल्या साहेबाने पेढे वाटले आणि सगळ्यांना समजावलं, "पूर्वी तुम्हाला खाडीबद्दल काही सांगायचं तर अर्ज लिहा, पंचायतीत द्या, तो ठाण्याला जाणार, तिथून उत्तर येणार. कशाला इतका त्रास? पाण्याला वास आला, रंग आला, मासळी मेली, नुसता फोन उचला. आम्ही बसलोय ना!"

फोन काळा होता, जड होता. जिथे आकड्यांची चकती असते तिथे गुळगुळीत काळा पत्रा. शेजारच्या काकूंना मुंबईला मुलीशी बोलायचं होतं. त्या हौसेने आल्या, तेव्हा कळलं की या फोनवरून मुंबई लागत नाही. पालघर लागत नाही. पोलीस लागत नाही, डॉक्टर लागत नाही. रिसीव्हर उचलला की एकाच ठिकाणी घंटी वाजते, कंपनीच्या ऑफिसात.

"म्हंजे बोलणारे आमी, आयकणारे तेच," आते म्हणाली. "आनि मधी कोन नाय."

"चांगलंच आहे ना," मी म्हटलं. "मधल्या माणसांमुळेच तर उशीर होतो."

 त्या फोनवरची धूळसुद्धा आतेने कधी पुसली नाही.

मी बरीच वर्षं आतेच्या त्या वाक्यावर विचार केला आहे. सरकार उशिरा येतं हे खरं. त्याच्या खुर्च्या रिकाम्या असतात, त्याचा शिक्का सापडत नाही, त्याचा माणूस जेवायला गेलेला असतो. कंपनी लगेच येते, हसून येते, पेढे घेऊन येते. आपण त्या लगबगीवर भाळतो. ज्याच्याविरुद्ध गाऱ्हाणं आहे त्यानेच ते ऐकून घ्यायची इतकी सुंदर सोय का करावी, हा प्रश्न पेढा तोंडात असताना सुचत नाही.

फोन आल्यानंतरच्या दुसऱ्या मोसमात खाडीचं पाणी बिघडलं. वसाहतीकडून येणारा नाला खाडीला मिळतो तिथे पाणी कातासारखं तांबूस दिसू लागलं, वर तेलकट तवंग. होडीतून उतरवलेले बोंबील आम्ही खाडीच्याच पाण्यात धुवायचो. वाळल्यावर ते दिसायला नेहमीसारखेच, पण मोडले की आतून औषधासारखा गोडसर वास येई आणि घशात चिकटून राही. वसईचा व्यापारी दरवर्षी यायचा. त्याने एक बोंबील मोडला, हुंगला आणि टोपलीत परत टाकला. "माल झकास आहे, पण हा वास? मुंबईत कोण तोंडात घालेल?" वलांडी भरलेल्या होत्या आणि तो रिकामा टेम्पो घेऊन परत गेला. त्या संध्याकाळी गावात चुली पेटल्या, पण भांडणाचा आवाज कुठून आला नाही. आमच्या गावात भांडणाचा आवाज नसणं हेच मोठं लक्षण होतं.

बाबांनी मला फोन करायला लावला. साहेबाशी बोलताना त्यांचं 'हाय-नाय' त्यांनाच खटकायचं, आणि मी कॉलेजात शिकलेली. पलीकडून अतिशय गोड पुरुषी आवाज आला. "बोला ताई." मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, "नोंद घेतली आहे ताई. आभारी आहे." दुसऱ्या दिवशी पुन्हा केला. "नोंद घेतली आहे ताई." तिसऱ्यांदा त्याने मी बोलायच्या आधीच माझा आवाज ओळखला. कोणी इतक्या अदबीने बोललं की रागावताही येत नाही. आपलंच काहीतरी जास्त होतंय असं वाटू लागतं.

मग एकदा फोन उलटा वाजला. तो वाजू शकतो हे आम्हाला माहीतच नव्हतं. सगळे दचकले. मी उचलला.

"ताई, वासाबद्दल आणखी कोण कोण म्हणतंय हो गावात?"

"सगळा गाव म्हणतोय."

"तसं नको. नावं सांगा ना. म्हणजे आमची माणसं थेट त्यांनाच येऊन भेटतील."

मी बाबांकडे बघितलं. फोनमधला आवाज त्यांच्यापर्यंत पोचत होता. त्यांनी सावकाश नकारार्थी मान हलवली. मी म्हटलं, "नावं मला ठाऊक नाहीत," आणि रिसीव्हर ठेवला. माझा तळहात घामाने ओला झाला होता.

त्याच आठवड्यात दादा पाळीवरून आला तो जेवलाच नाही. वहिनीने खोदून विचारल्यावर म्हणाला, "सुपरवायजर बोलला, तुझ्या घरून लय फोन येतात रे. परमनंटची यादी निघायचीय, घरच्यांना सांग जरा." एवढंच. धमकी म्हणावी तर त्यात एकही वाकडा शब्द नाही. त्या दिवसापासून आमच्या घरातला फोन उचलायला कोणी धजेना. तो आपला ओटीवर बसून असायचा आणि आम्ही त्याच्यासमोर हळू आवाजात बोलायचो. रिसीव्हर खाली असतानाही तो ऐकत असेल असं आईला वाटे. आम्ही तिला हसायचो, पण आवाज आमचेही दबलेले होते.

आता माझ्या पर्समध्ये जो फोन असतो तो माझ्या आईला वाटायचं ते खरंच करतो असं लोक म्हणतात. काहीही उघडलं की तो माझी परवानगी मागतो. कुठे आहात ते कळू द्या, माणसांची नावं बघू द्या, आवाज ऐकू द्या. बिलाची तक्रार करायला फोन लावला तर यंत्रातली बाई सांगते की माझी तक्रार त्यांच्यासाठी महत्त्वाची आहे. तिचा स्वर ऐकला की मला तो गोड पुरुषी आवाज आठवतो. माझा मुलगा म्हणतो, "आई, तुझा कशावरच विश्वास नाही." तसं नाही. यंत्रावर माझा राग नाही. नावं विचारली जातात तेव्हा मात्र माझा तळहात अजून ओला होतो.

तर त्या हिवाळ्यात, मार्गशीर्षात, प्रदूषणाचं बघणारा सरकारी साहेब ठाण्याहून आला. दरवर्षीची फेरी होती म्हणे. तो येणार हे आम्हाला कोणी कळवलं नव्हतं, पण खाडीला कळलं होतं. आदल्या दिवशीपासून नाल्याचं पाणी नितळ वाहू लागलं. दुपारी जीप आमच्या अंगणाबाहेर थांबली. तीतून दोघे उतरले, ठाण्याचा साहेब आणि कंपनीचा सफारीवाला साहेब. जीप कंपनीचीच होती. सरकारी गाडी बिघडली होती असं सांगण्यात आलं. आते वलांडीवरून उठून आली, तिने जीपकडे बघितलं, मग दोघांकडे, आणि माझ्या कानाशी म्हणाली, "एका ताटातले दिसतात."

ठाण्याचा साहेब सडपातळ, चष्म्यातला, बोलायला मऊ. खाटेवर टेकून म्हणाला, "पूर्वी तुमच्या गावाचे अर्ज यायचे आमच्याकडे. मग बंद झाले. आम्हाला वाटलं, त्रास संपला."

बाबा गोंधळले. "संपला? साहेब, आमी तर फोनावर फोन केले."

"कुठे?"

बाबांनी ओटीकडे बोट दाखवलं. साहेब उठला, फोनपाशी गेला. जिथे चकती असायला हवी त्या पत्र्यावरून त्याने बोट फिरवलं आणि रिसीव्हर उचलून कानाला लावला. अंगण इतकं शांत होतं की पलीकडचा आवाज आम्हालाही आला. "बोला ताई." साहेबाने रिसीव्हर अलगद खाली ठेवला. त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी विसरले नाही. आपल्यालाही कोणीतरी बनवलंय हे कळलेल्या माणसाचा चेहरा होता तो.

सफारीवाला हसला. "लोकांच्या सोयीसाठी केलंय सर. आणि सगळ्या तक्रारींची आम्ही दखल घेतली. खाडी बघा ना आपण."

खाडी बघितली. पाणी स्वच्छ. साहेबाने बाटलीत भरून घेतलं, उजेडात धरलं. सगळे परत अंगणात आले. आता चहा होणार आणि जीप जाणार, हे आम्हाला दिसत होतं. तेवढ्यात आतेने वलांडीवरून चार बोंबील ओढून आणले आणि चुलीतले निखारे बाहेर काढून त्यांवर टाकले. बोंबील तडतडले, धूर उठला आणि तो गोडसर, घशात चिकटणारा वास अंगणभर पसरला. शेजारच्या बायकांनी पदर नाकाला लावले.

"ह्यो बगा साहेब. पानी धुऊन काढाल, ह्याच्या पोटातला कसा धुनार?"

सफारीवाला म्हणाला, "सुक्या मासळीला वास येणारच मावशी."

सगळ्यांच्या नजरा ठाण्याच्या साहेबाकडे. त्याने रुमालाआडून खोकत, अगदी ओशाळून सांगितलं, "माफ करा. आम्ही मासे खात नाही. मला सगळ्याच सुक्या मासळीचा वास सारखा येतो. यातला फरक मला नाही सांगता येणार."

 माणूस खोटं बोलत नव्हता. एवढं सरकार चालून दारात आलं होतं आणि त्याला वास येत नव्हता. कोणीतरी हसलं, मग ते हसूही थांबलं.

आणि नेमका दादा आला. पहिली पाळी संपवून, नाक्यावर बसमधून उतरून, सायकल हाताने ढकलत. अंगावर निळा युनिफॉर्म. सफारीवाल्याला बघून तो फाटकाशीच थबकला आणि त्याचा हात आपोआप कपाळाकडे गेला.

"सुभाष, हिकडं ये," आते म्हणाली. "तुजं नाक दोन्हीकडचं हाय. सांग ह्यानला, ह्यो वास कुटचा."

वहिनी दारात उभी होती. तिला सातवा महिना होता. तिने चौकट घट्ट धरली.

सफारीवाला साहेब आवाज न चढवता म्हणाला, "सुभाष, नीट आठवून सांग बरं."

मला वाटलं, आतेने हे करायला नको होतं. आजही कधीकधी वाटतं. घरातल्या माणसाला असं चारचौघांत सुळावर का चढवावं? दादाने सायकल स्टँडवर लावली. निखाऱ्यावरचा बोंबील उचलला, भाजत होता म्हणून या हातातून त्या हातात केला, मोडला आणि नाकाशी धरला. बराच वेळ धरून ठेवला. मग वर न बघता म्हणाला,

"आमच्या तीन नंबरच्या शेडचा हाय, साहेब. टाकी धुतात तवाचा."

"कधी धुतात टाकी?" ठाण्याच्या साहेबाने विचारलं.

"रविवारी. तुमची कचेरी बंद असते तवा."

ठाण्याच्या साहेबाने उरलेले बोंबील वर्तमानपत्रात गुंडाळून मागितले. आतेने बांधून दिले. ते काखोटीला मारून तो नाक्यापर्यंत चालत गेला आणि एसटीत चढला. कंपनीची जीप तशीच उभी राहिली. सफारीवाला थोडा वेळ तिच्यात बसून होता, मग एकटाच गेला.

पुढे काय झालं ते सांगते. कंपनीला नोटीस लागली, तीन नंबरची शेड काही दिवस बंद राहिली, खाडीला पुन्हा तिचा जुना रंग आला. मग ठाण्याच्या त्या साहेबाची बदली झाली. नेहमीची बदली, असं सगळे म्हणाले. मी म्हणत नाही. दादाला काही कोणी कामावरून काढलं नाही. तसं करायची गरजच नव्हती. त्याला 'ब्रेक' दिला. काही दिवस घरी बसा, बोलावू, असं सांगितलं आणि बोलावलं नाही. तो कंपनीच्या फाटकावर जायचा, वॉचमन ओळखीचा असूनही नजर चुकवायचा. शेवटी बाबांबरोबर होडीवर जाऊ लागला. पहिले काही दिवस त्याला समुद्र लागला, कोळ्याच्या पोराला! गाव हसलं. पुढे त्याने बोईसर स्टेशनवर रिक्षा चालवली, मुलीला शिकवलं. खाडी बरीवाईट होत राहिली. आज तिथे वलांडी आहेत, पण थोड्या.

एकदा आते दादासमोर बसून म्हणाली होती, "रे, मी तुला इचारलं नस्तं तर तू परमनंट झाला अस्तास."

दादा जाळं विणत होता. म्हणाला, "झालो अस्तो. आनि तू रांधलेला बोंबील मला गिळवला नस्ता." 

पण मला सांगायचं आहे ते त्याच हिवाळ्याच्या अखेरचं. दादा घरी बसल्यावर लगेचच पाण्याचा रंग पुन्हा बदलला. नवा साहेब यायची वाट न बघता आम्हीच ठाण्याला निघालो. बाबा, दादा, आते, मी आणि वलांडीवरच्या काही बायका. कचेरीतला कारकून तरुण होता, घाईत होता. सगळं ऐकून त्याने पेन उघडलं.

"तक्रार कोणाच्या नावाने घालू?"

कोणी बोलेना. बरोबर आलेल्या प्रत्येकीचं कोणी ना कोणी त्या वसाहतीत कामाला होतं. एकीचा मुलगा, एकीचा नवरा, एकीचा जावई. नाव म्हणजे काय असतं ते आम्हाला त्या मोसमाने शिकवलं होतं. 

"माझं लिवा," दादा पुढे होऊन म्हणाला. "सुभाष."

मग बाबांनी आपलं नाव सांगितलं. मग जिचा मुलगा दुसऱ्या पाळीला होता तिने सांगितलं, डोळे मिटून, पाण्यात उडी घ्यावी तसं. मग बाकीच्यांनी. आतेने अंगठा उठवला आणि बोटाची शाई लुगड्याला पुसली.

"बरं," कारकून म्हणाला. "काही कळवायचं झालं तर? गावात फोन आहे का?"

आम्ही एकमेकांकडे बघितलं. बाबांनी तोंड उघडलं आणि मिटलं.

"नाय," आते म्हणाली. "फोन नाय आमच्याकडं. मानूस पाठव."